मा. महसूलमंत्री, आमची लाइन बंद पाडली कोणी?

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

परवा कोतवाल नोटीस देऊन गेला. गायरानातून गेलेली माझी पाईपलाइन म्हणे बरीच वर्षं वापरात नाही, म्हणून परवानगी संपली. सात दिवसांत पाईप उपसून घ्या. १९८७ साली वडिलांनी रीतसर परवानगी काढून नदीकाठच्या विहिरीवरून ही लाइन आणली.

वापरात का नाही, ते नोटिशीत नाही. मी सांगतो. २०१९ मध्ये रस्ता रुंद करताना ठेकेदाराच्या जेसीबीने ती तोडली. 'काम झालं की जोडून देतो,' असं कामावरचे साहेबच बांधावर उभं राहून बोलले. वर डांबर पडलं आणि आता रस्ता फोडायला परवानगी नाही! तीन इंची पाईपाचं फुटकं तोंड अजून चरात दिसतं, बकेटच्या दातांचे ओरखडे तसेच आहेत. पण त्यासाठी स्थळपाहणीला यावं लागतं. विहिरीला पाणी असून मी डाळिंबाला टँकर घातले, सोसायटीचं कर्ज थकवलं आणि शेवटी बाग उपटली.

वकील परवडेना म्हणून १८८२ चा सुविधाधिकार कायदा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून वाट, पाणी नेण्याच्या हक्काचा कायदा, स्वतः वाचला. वहिवाटीने हक्क मिळवायला खासगी जमिनीवर २० वर्षं लागतात, सरकारी जमिनीवर ३०. कलम ४७ प्रमाणे सलग २० वर्षं वापर नसला की हक्क जातो. वापर करणं शक्यच नव्हतं, ही सबबही चालत नाही. इंग्रजांनी निदान २० वर्षं तरी दिली होती. तुमच्या लिपिकाला सहा-सात पुरली. आमचा हक्क नव्हताच, नुसती परवानगी होती असं म्हणायचं असेल, तर ती कोणत्या अटीखाली रद्द केली ते लिहा ना!

आणि सरकारचं काय? २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम १०१ सांगतं, ताबा घेऊन पाच वर्षं न वापरलेली जमीन मूळ मालकाला परत द्या किंवा सरकारी लँड बँकेत टाका. परत मिळालेला शेतकरी मला तरी अजून भेटलेला नाही. म्हणजे आम्ही वापरलं नाही तर सरकारजमा, सरकारने वापरलं नाही तरी सरकारजमा. याच गायरानात एका पुढाऱ्याचं मंगल कार्यालय आहे. ते रोज वापरात असतं, म्हणून त्याला नोटीस नसावी.

नोटीस स्थगित करा. रस्त्याखालून केसिंग (लाइनभोवतीचा मोठा पाईप) टाकून लाइन जोडून द्या आणि खर्च ठेकेदाराच्या अनामत रकमेतून वळता करा. ती रक्कम परत दिली असेल, तर कोणाच्या सहीने दिली तेवढं कळवा.

आपला,
एक खातेदार