“कुणी हललंच नाही तर?” असं विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

प्रात्यक्षिक संपलं त्या रात्री घाईघाईत “थँक्यू ताई” एवढंच म्हणालो आम्ही, आणि तुम्ही केबल गुंडाळता गुंडाळता मान हलवलीत. ते आभार फार तोकडे पडले. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितोय, कारण संगीत शिकणारी मुलं आभासी जगासाठी काही रचायला बसतात तेव्हा कुठे अडतात, हे आमच्यासारख्या इतरांनाही कळलेलं बरं.

आम्ही पाचजण. दोघं गाणारे, तिघं वाजवणारे, आणि प्रोग्रामिंगचा कुणालाच गंध नाही. हेडसेट घालून आत शिरायचं, असं एक रिकामं घर आम्ही उभं केलं होतं. पाच खोल्या. पाऊल टाकलं की सूर, दाराला हात लागला की घंटा. तुमच्याआधी आम्ही ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांचं उत्तर एकच होतं: “फाइल्स द्या, बसवून देतो.” तुम्ही मात्र हेडसेट चढवलात, पहिल्या खोलीत गेलात आणि उभ्या राहिलात. नुसत्या उभ्या. मिनिट गेलं, दोन गेली. “अडकलं वाटतं,” आमच्यातलं कुणीतरी कुजबुजलं. चौथ्या मिनिटाला तुम्ही हेडसेट न काढताच विचारलंत, “कुणी हललंच नाही तर? त्याच्यासाठी इथे काय आहे?”

काहीच नव्हतं. आयुष्यभर आम्ही संगीत ऐकलं ते एका जागी बसून, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पाय दिले तर त्याने सतत पळत राहावं अशी सक्ती करून बसलो होतो. तो शांत उभा राहून ऐकत असेल, ही शक्यताच आमच्या मनात आली नव्हती. त्या रात्री आम्ही पहिली खोली पुसून टाकली.

मग तो घंटेचा खेळ. तुम्ही एकेकाला डोळे मिटायला लावलेत आणि मान अजिबात न हलवता घंटेच्या दिशेला बोट दाखवायला सांगितलंत. घंटा पाठीमागे होती. आम्हा पाचांतल्या चौघांनी समोर बोट दाखवलं! आवाज एका बाजूने आला तर तो दोन कानांवर किंचित पुढेमागे पोहोचतो, फार तर ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास, आणि त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. पण अगदी समोरून किंवा अगदी मागून आला तर हा फरक शून्यच. उरते ती बाहेरच्या कानाच्या आकाराची मदत. हेडफोनमध्ये तीही बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या कानांवर घेतलेल्या मोजमापांवरून येते. “आता मान वळव,” तुम्ही म्हणालात, आणि घंटा क्षणात मागे गेली. तो क्षण आम्ही कुणीच विसरणार नाही. मान वळवणं हा ऐकण्याचाच भाग आहे, हे इतकी वर्षं कान तयार करूनही आम्हाला कुणी दाखवलं नव्हतं.

एका खोलीतून दुसरीत उडी मारली की सगळे सूर किंचाळायचे, ती गोष्ट तुम्ही दोन मिनिटांत उलगडलीत. जागा एका क्षणात बदलली की इंजिनाला, म्हणजे आमचं घर ज्यात उभं होतं त्या युनिटी या सॉफ्टवेअरला, वाटतं, ऐकणारा प्रचंड वेगाने गेला. मग जवळून जाणाऱ्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या भोंग्याचा होतो तसा डॉप्लर परिणाम. उडीपुरता तो बंद ठेवायचा, बस.

मोठ्या दालनाचं दुखणं मात्र खोल होतं. कॅनडाच्या कलाकार जॅनेट कार्डिफ यांनी २००१ साली ४० ध्वनिवर्धकांतून एका समूहगानाचे ४० आवाज वेगवेगळे ऐकवले, श्रोत्याला त्यांच्यामधून फिरता येईल असे. ते वर्गात शिकल्यापासून आम्ही झपाटलो होतो, आणि दालनात ४८ जणांची गुणगुण वेगवेगळ्या जागी टांगली होती. पण प्रत्येक वेळी काही आवाज गायब, आणि तेही दर खेपेला वेगळेच. आठवडाभर आम्ही माइकला, हेडफोनला, एकमेकांना दोष देत होतो. तुम्ही सेटिंग उघडायला सांगितलंत: युनिटीत मुळात एका वेळी ३२ आवाजच खरोखर वाजतात, बाकीचे मोजणीत असतात, ऐकू येत नाहीत. आम्ही ते कधी वाचलंच नव्हतं. आकडा वाढवला असता तर भागलं असतं. तुम्ही विचारलंत, “दारातून तुम्हाला ४८ माणसं ऐकू येतात की एक समूह?” मग आम्ही सगळ्यांचा मिळून एक आवाज केला, दुरून तोच ऐकू येतो, जवळ जावं तसा तो विरत जातो आणि माणसं सुटी होतात, एकाचा श्वास, एकीचा किंचित घोगरा खर्ज. आकडा तर आटोक्यात आलाच, पण आमच्या रचनेतली सर्वांत सुंदर जागाही हीच झाली.

हे सगळं करताना माउस तुम्ही एकदाही हातात घेतला नाहीत. आमच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचात, आम्ही चुकीचं बटण शोधत असलो तरी थांबायचात. तुमची वेळ संपून गेलेली असायची. आम्हाला ते तेव्हाही दिसत होतं, ताई.

आणखी एक सांगायचं राहिलंय. ४८ गुणगुणणाऱ्यांत एकजण कमी पडला तेव्हा तुम्ही “मला गाता येत नाही हं” म्हणत माइकसमोर उभ्या राहिला होतात. नव्या पहिल्या खोलीत कुणी हललं नाही की थोड्या वेळाने मागून, अगदी हळू, एक आवाज येऊ लागतो. मान वळवली की तो जरासा सरकतो. प्रात्यक्षिकाच्या दिवशी एक आजी त्या खोलीत चक्क जमिनीवर बसल्या आणि उठायलाच तयार नव्हत्या. तो आवाज तुमचा आहे. तुम्हाला न विचारता ठेवलाय. नको वाटलं तर सांगा, काढू. पण त्याआधी एकदा हेडसेट घाला आणि त्या दिवशीसारख्याच उभ्या राहा.

तुमचे,
रिकाम्या घरातले पाचजण