माणूस, सरकार आणि मधली भावकी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या सारसबागेच्या कट्ट्यावर सध्या रोज एकच वाद, आणि दोन्ही बाजूचे स्वतःला उदारमतवादीच म्हणवतात. एकाचं म्हणणं सरकारनं पोलीस, कोर्ट, रस्ते एवढंच बघावं आणि बाकी माणसाला मोकळं सोडावं, दुसऱ्याचं म्हणणं ज्याला शाळा नाही, दवाखाना नाही त्याला मोकळं सोडून तो करणार काय. मला वाटतं दोघंही एक गोष्ट धरतच नाहीत, माणूस आणि सरकार यांच्या मधे घर, जात, भावकी ठाण मांडून बसलीय.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची मुलगी, (त्यांना विचारूनच लिहितोय) महापालिकेच्या शाळेत शिकली, पुढं शिष्यवृत्ती, सरकारी वसतिगृह, मग नोकरी. वसतिगृह मिळालं नसतं तर भावकीनं सतराव्या वर्षीच तिला उजवून टाकलं असतं, स्थळ बघूनसुद्धा झालं होतं. चोविसाव्या वर्षी तिनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी रजिस्टर लग्न करायचं ठरवलं, तर 1954 च्या विशेष विवाह कायद्यात आधी 30 दिवसांची नोटीस. मी साक्षीदार होतो म्हणून बघितलं, व्हरांड्यातल्या फळ्यावर दोघांची नावं, पत्ते, कुणीही यावं आणि वाचावं. चौथ्या दिवशी त्या कागदाचा फोटो भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि रात्री सात-आठ जण मावशींच्या दारात. ज्या सरकारनं पोरीला घराबाहेर काढून शिकवलं त्याच सरकारनं तिचा पत्ता त्यांच्या हातात दिला!

आपल्या पुण्याला हे नवीन नाही. 1891 मध्ये संमतीवयाचा कायदा आला, मुलींच्या शरीरसंबंधाला संमतीचं वय 10 वरून 12 करायचं एवढंच, तर टिळकांनी परक्या सरकारनं आमच्या चालीरीतीत हात घालू नये म्हणून विरोध केला आणि व्यक्तिस्वातंत्र्यासाठी आयुष्यभर भांडलेले आगरकर कायद्याच्या बाजूनं उभे राहिले. 1911 मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल मांडलं, सक्ती बापावर पण सुटका पोराची. उलट 1980 च्या चाकणच्या कांदा आंदोलनात शरद जोशींनी दाखवून दिलं की शेतकऱ्याचा भाव पाडणारं सरकारच आहे, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’, आणि तेही खरंच होतं. बाबासाहेबांनी तर 1947 मध्ये शेती आणि मूलभूत उद्योग सरकारकडे असावेत असं लिहून दिलं आणि 1948 मध्ये संविधान सभेत घटनेच्या मसुद्यानं गाव न धरता व्यक्ती हा घटक धरला याबद्दल आनंद व्यक्त केला. काहींना हा विरोधाभास वाटतो, मला अजिबात वाटत नाही. माणसाच्या छातीवर कोण बसलंय ते बघायचं आणि त्याला उठवायचं, तो सावकार असो, भावकी असो नाहीतर खुद्द सरकार.

तेव्हा ती नोटीस फळ्यावर लावणं आधी बंद करा, आणि वसतिगृहातल्या मुलींचा भत्ता वेळेवर द्या, ही माझी मागणी आहे.

लग्न झालं, दोघं सुखात आहेत. मावशींना मात्र भावकीनं वाळीत टाकलंय, हळदीकुंकवालासुद्धा बोलावत नाहीत. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आपल्या राज्यात 2017 पासून लागू आहे, मी दोनदा म्हटलं चला तक्रार देऊ, पण त्या नको म्हणतात, धाकटीचं लग्न व्हायचंय अजून.

– एक वाचक, पर्वती, पुणे