गावच्या रात्रगस्तीला पोलिसांची साथ द्या : माननीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ग्रामसुरक्षा दल, पोलीस पाटील आणि बीट अंमलदार (ठरावीक गावांची जबाबदारी असलेला पोलीस) यांच्यातील तुटलेला दुवा जोडण्याबाबत

महोदय,

घोड नदीच्या काठी माझी साडेतीन एकर बागायत आहे. गेल्या हिवाळ्यात गावातील इतर शेतकऱ्यांप्रमाणे मीही आठवड्यातून दोन रात्री काठी आणि बॅटरी घेऊन गस्तीला जात होतो. त्या रात्रींतून मनात ठाम झालेली एक गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. गाव जागे राहायला तयार आहे, परंतु जागणाऱ्या गावाशी पोलिसांचा रोजचा संबंध उरलेला नाही, आणि तो नसेल तर आमची गस्त एक तर महिनाभरात मोडते, नाहीतर एखाद्या निरपराध माणसाच्या जिवावर उठू शकते.

गस्त सुरू झाली ती विहिरीवरच्या केबलींमुळे. शेतीपंपांची वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. ज्या वेळी वीज बंद असते, नेमकी तीच वेळ साधून मोटारीची केबल कापली जाते. दुसऱ्या दिवशी ओढ्यात वरचे रबर जाळून तांबे काढल्याच्या काळ्या खुणा सापडतात. माझी केबल गेली तेव्हा ऐन कांदा लागवडीत चार दिवस पाणी बंद राहिले. मी पोलीस ठाण्यात गेलो, तिथे माझा अर्ज घेण्यात आला, त्यावर पोचही मिळाली, परंतु गुन्हा नोंदवला गेला नाही. त्या हंगामात आमच्या शिवारात नऊ जणांच्या केबली गेल्या, आणि माझा अनुभव ऐकल्यावर बाकीच्यांपैकी एकच जण ठाण्याची पायरी चढला.

यात केवळ एखाद्या अंमलदाराची अनास्था आहे असे मी म्हणणार नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशी, ठरवण्यात आली आहे. किरकोळ चोरीसाठी कोणाला तुरुंगात धाडू नये हा त्यामागचा विचार मला पटतो. परंतु शेतकऱ्याची जुनी केबल, दोन पोती सोयाबीन किंवा स्टार्टरची पेटी यांची किंमत बहुतेक वेळा याच रकमेच्या आसपास धरली जाते. नऊ विहिरींवरची चोरी एकाच टोळीने केलेली असली तरी कागदावर ती नऊ क्षुल्लक तक्रारी होऊन विखुरते, किंवा मुळीच उमटत नाही. तांबे कुठेतरी विकले जाते, आणि ते विकत घेणारे भंगाराचे दुकान तालुक्यातच असण्याची शक्यता अधिक असते. अशा तक्रारी गावनिहाय एकत्र पाहिल्या, तारखा आणि शिवारे जुळवली आणि भंगार खरेदीच्या वह्या वेळोवेळी तपासल्या, तर पुढची चोरी टळू शकते. त्यासाठी तक्रार अदखलपात्र असली तरी ती नोंदवणे आणि तिची प्रत तक्रारदाराच्या हाती देणे हे प्रत्येक ठाण्यात निरपवादपणे घडले पाहिजे.

आता त्या एका रात्रीबद्दल लिहितो. मध्यरात्र उलटल्यावर पुलाजवळ आमच्या मुलांना दोन अनोळखी तरुण दिसले. हटकताच ते पळाले आणि उसात शिरले. पंधरा मिनिटांत मोबाईलवरून निरोप फिरला आणि साठ-सत्तर माणसे काठ्या, कोयते घेऊन जमली. दोघांना बाहेर ओढण्यात आले. कोणी म्हणाले, यांनीच केबली नेल्या. कोणी म्हणाले, शेजारच्या गावात परवा मूल पळवले ते हेच असणार, खरे तर असे कोणतेही मूल पळवले गेले नव्हते. आमच्या पोलीस पाटील एक महिला आहेत. त्या दोघांच्या आणि जमावाच्या मध्ये उभ्या राहिल्या, 'कोणीही हात लावायचा नाही,' असे त्यांनी बजावले आणि बीटच्या हवालदारांना त्यांच्या स्वतःच्या मोबाईलवर फोन लावला. फोन उचलला गेला, कारण ते हवालदार दर आठवड्याला गावात येत असत आणि त्यांचा क्रमांक चावडीवर लिहिलेला होता. चाळीस मिनिटांनी ते मोटारसायकलवर एकटेच आले. चौकशीत कळले की ते दोघे ऊसतोड मजूर होते. कोपीवर, म्हणजे त्यांच्या राहत्या झोपडीत, वीज नसल्याने मोबाईल चार्ज करायला मजुरांच्या दुसऱ्या टोळीकडे गेले होते आणि अंधारात वाट चुकले होते.

त्या चाळीस मिनिटांचा विचार आजही मनातून जात नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारण्यात आले. 16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जमावाने जीव घेतला. टाळेबंदीच्या त्या दिवसांत चोर फिरत असल्याच्या अफवा पसरल्या होत्या आणि लोक रात्री पहारा देत होते. पोलीस घटनास्थळी पोहोचूनही त्यांना वाचवू शकले नाहीत. या दोन गावांतली माणसे आमच्या गावातल्या माणसांपेक्षा वेगळी होती असे मला वाटत नाही. भीती तीच होती आणि मोबाईलवरचे निरोपही तसेच होते. आमच्याकडे जमावाने ओळखलेला, ज्याच्या शब्दाला मान होता असा एक पोलीस होता, एवढाच फरक मला दिसतो. ब्रिटिशांनी 1871 मध्ये ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि 1952 मध्ये ज्यांना विमुक्त म्हटले गेले, त्यांच्यावरच अशा रात्री पहिला संशय जातो, हेही इथे सांगणे मला आवश्यक वाटते.

पुढे त्या हवालदारांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्यांकडे किती गावे आहेत हे मला ठाऊक नाही, परंतु सण, मोर्चे, निवडणुका आणि नेत्यांचे दौरे यांच्या बंदोबस्तातून त्यांची सुटका होत नाही हे दिसते. चावडीवर अजून जुनाच क्रमांक आहे. आमची गस्त मकरसंक्रांतीनंतर हळूहळू बंद पडली.

महोदय, यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मध्ये गावच्या संरक्षक दलांची तरतूद आहे. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 ने पोलीस पाटलाचे कर्तव्य निश्चित केले आहे. 15 ऑगस्ट 2007 रोजी तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी सुरू केलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावकरी आणि पोलीस एका बैठकीत बसू शकतात हे दाखवून दिले, आणि त्या समित्यांच्या बैठका माझ्या पिढीने पाहिल्या आहेत. मार्च 2024 मध्ये पोलीस पाटलांचे मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार रुपये करण्याचा निर्णय झाला, त्याबद्दल शासनाचे मनापासून आभार. मात्र जिथे पद रिक्त आहे तिथे शेजारच्या गावच्या पाटलाकडे अतिरिक्त कार्यभार राहतो, आणि रात्री एक वाजता उसाच्या फडाजवळ अतिरिक्त कार्यभार उपयोगी पडत नाही. शिवाय पोलीस पाटील त्याच गावात, त्याच भावकीत राहतात. त्यांनी दिलेली गोपनीय माहिती दोन दिवसांत पारावर चर्चिली गेली, तर ते पुन्हा कधी तोंड उघडतील? ठाण्याने त्यांचे नाव जपले पाहिजे, आणि हे जपणे वरिष्ठांनी तपासले पाहिजे.

माझी मुख्य मागणी बीट अंमलदाराविषयी आहे. त्यांना एका बीटवर किमान दोन वर्षे ठेवावे, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ते गावात येतील अशी व्यवस्था करावी, आणि तो दिवस बंदोबस्तासाठी मोडायचा झाल्यास उपविभागीय अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागावी. तातडीच्या मदतीसाठीच्या 112 या क्रमांकाची सोय चांगली आहे आणि ती हवीच. परंतु तो फोन घेणाऱ्याला पूल कोणता, ओढा कोणता हे समजावून सांगावे लागते, आणि जमावाला तो आवाज ओळखीचा नसतो.

ग्रामसुरक्षा दलातील तरुणांना ओळखपत्र आणि शिट्टी देऊन भागणार नाही. संशयित व्यक्ती दिसल्यास काय करायचे, तिला कुठे बसवायचे, कोणाला कळवायचे, आणि अफवेचा निरोप पुढे पाठवण्याआधी कोणाकडून खात्री करायची, हे त्यांना ठाण्यातील अधिकाऱ्याने गावात येऊन, प्रत्यक्ष प्रसंग उभा करून शिकवावे. गस्तीवर कोण कोण आहे याची नोंद रोज रात्री पोलीस पाटलांकडे राहावी. राईनपाड्यानंतर, 17 जुलै 2018 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जमावहिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात समन्वय अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले होते. त्या अधिकाऱ्याचे नाव आणि क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर मी तरी पाहिलेला नाही.

पुढील गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होईल. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पुन्हा आमच्या शिवारात उतरतील, केबली पुन्हा कापल्या जातील आणि मुले पुन्हा काठ्या घेऊन पुलावर बसतील. त्यापूर्वी आमच्या बीटच्या अंमलदारांनी एकदा गावात यावे, पोलीस पाटील आणि गस्तीच्या मुलांसोबत बसावे, ऊसतोडीच्या कोप्यांवर जाऊन मुकादमांचीही ओळख करून घ्यावी आणि चावडीवरचा जुना क्रमांक पुसून स्वतःचा लिहावा, एवढा आदेश आपल्याकडून निघावा ही विनंती.

आपला नम्र,
घोड नदीकाठचा एक शेतकरी