तिकिटाचे आगाऊ पैसे नेमके कुणाचे?

मा. केंद्रीय नागरी हवाई वाहतूक मंत्री यांस,
सादर नमस्कार.

लंडनजवळच्या लुटनहून 1968 पासून सुट्टीवाल्यांना स्पेनला नेणारी मोनार्क एअरलाइन्स 2 ऑक्टोबर 2017 च्या पहाटे बंद पडली. महिना योगायोगाचा नव्हे. अशी कंपनी उन्हाळ्यात कमावते आणि हिवाळ्यात विमानं रिकामी असली तरी लीजचे हप्ते भरते. मधला खड्डा बुजतो तो पुढच्या सुट्टीच्या आगाऊ बुकिंगवर. 2015 मध्ये ट्युनिशियात पर्यटकांवर हल्ला झाला, शर्म अल शेखहून निघालेलं रशियन विमान स्फोटात पडलं. मग सगळ्यांनीच विमानं स्पेन-पोर्तुगालकडे वळवली आणि तिकिटांचे दर कोसळले. ब्रेक्झिटच्या कौलानंतर पौंड घसरला. तिकीट विकायचं पौंडात, इंधन आणि लीज मात्र डॉलरमध्ये!

त्या पहाटे मोनार्कचे सुमारे 1,10,000 प्रवासी परदेशात होते. टूर पॅकेज घेतलेल्यांना ‘अ‍ॅटॉल’ या ब्रिटिश प्रवासी-संरक्षण योजनेचं संरक्षण होतं, तिच्या निधीत टूर कंपनी माणशी अडीच पौंड भरते. नुसतं तिकीट काढलेले बहुसंख्य त्याबाहेर. तरी तिथल्या विमान प्राधिकरणाने भाड्याची विमानं लावून सगळ्यांना आणलं. खर्च सुमारे 6 कोटी पौंड, त्यात करदात्यांचाही वाटा. पुढे सरकारने नेमलेल्या समितीने मे 2019 मध्ये सुचवलं : प्रत्येक प्रवाशामागे 50 पेन्सपेक्षा कमी आकार घ्या, आणि बुडालेल्या कंपनीचीच विमानं काही दिवस उडवून माणसं परत आणा. अंमलबजावणीआधीच सप्टेंबरात थॉमस कुक ही ब्रिटिश पर्यटन कंपनी कोसळली.

आपल्याकडे जेट 2019 मध्ये थांबली, गो फर्स्ट 2023 मध्ये. 2025 च्या कायद्याने लीजवर विमान देणाऱ्याला ते परत नेण्याची वाट सोपी केली. योग्यच केलं, नाहीतर आपल्याला विमानं महाग मिळतात. पण तिकीटवाला अजून धनकोंच्या रांगेत, बँकांच्या मागे.

सगळे पैसे उड्डाणापर्यंत एस्क्रोत, म्हणजे कंपनीला हात लावता न येणाऱ्या त्रयस्थ खात्यात ठेवा, असं आमचं म्हणणं नाही. लहान कंपनी त्यानेच बसेल. विमानतळ शुल्काबरोबर तिकिटामागे छोटा आकार घ्या आणि तो वेगळ्या विश्वस्त निधीत टाका. शिवाय विकलेल्या पण अजून न उडालेल्या तिकिटांची रक्कम आणि हातातली रोकड, हे दोन आकडे प्रत्येक कंपनीकडून डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) दरमहा मागवावेत. पहिला वाढत चालला आणि दुसरा आटत गेला, की त्या कंपनीची आगाऊ सेलची जाहिरात तिथेच थांबवावी.

आपले,
हवाई तिकीट व्यवसायातले काहीजण