तो काळोख रेम्ब्रांटचा नव्हे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत 'बरोक शैलीतील' (म्हणजे सतराव्या शतकातल्या युरोपीय चित्रांच्या धर्तीचं) म्हणून एआयनं केलेलं चित्र पानभर छापलं होतं. तपकिरी काळोख, त्यातून उजळलेला एक चेहरा, सगळ्यावर बारीक तडे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणारी माझी एक विद्यार्थिनी ते कात्रण घेऊन आली नि म्हणाली, "बाई, असा तपकिरी रंग कसा आणायचा?"

जुन्या चित्रांत दिसणारा असा पुष्कळसा तपकिरी रंग चित्रकारांनी लावलेलाच नाही. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६४२ मधल्या चित्राला 'नाइट वॉच' (रात्रीचा पहारा) हे नाव नंतरच्या लोकांनी दिलं, कारण वार्निश आणि मळानं ते काळवंडलं होतं. प्रसंग दिवसाचा आहे. व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेल या प्रार्थनामंदिराचं चितारलेलं छत विसाव्या शतकाच्या अखेरीस स्वच्छ केलं, तेव्हा मेणबत्त्यांच्या काजळीखालून मायकेलअँजेलोचे पोपटी, नारिंगी, गुलाबी रंग बाहेर आले. डच चित्रकार व्हर्मीरच्या 'मोत्याचं डूल घातलेली मुलगी' या चित्रात तिच्यामागे तर हिरवा पडदा होता! तो रंग उडून गेला. ते चित्र जिथे आहे त्या नेदरलँड्समधल्या हेगच्या संग्रहालयानं २०२० मध्ये तपासणीचे निष्कर्ष सांगितले तेव्हा ते कळलं.

एआय शिकतं ते अशा चित्रांच्या फोटोंवरून. फोटोत तो पडदा नाही, मळ मात्र आहे. तडेही तसेच. चित्राखालचं लाकूड, कापड वर्षानुवर्षं आकसतं, फुगतं, तेव्हा रंगाचा थर तडकतो. काल तयार झालेल्या चित्राला तडे कसले?

मला हे लागलं, कारण ३१ वर्षं मीही पिवळट छापील प्रतींवरूनच शिकवलं. सावली म्हणजे काळा नि तपकिरी, असं किती मुलांना सांगितलं असेन. आता त्या मुलीला मी व्हर्मीरचं चित्र मोठं करून दाखवलं. मोत्याला कडीच नाही. पांढऱ्या रंगाचे दोनच फटकारे आहेत, वरचा ठळक, खालचा मंद. ती कितीतरी वेळ ते बघत होती.

एआयची चित्रं छापू नका, असं माझं म्हणणं नाही. पण ती एआयची आहेत हे ठळक अक्षरांत लिहावं आणि शेजारी एक मूळ चित्र, चित्रकाराचं नाव, साल नि संग्रहालयासह द्यावं. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम हे संग्रहालय आपल्या शेकडो वर्षं जुन्या चित्रांचे मोठे, स्वच्छ फोटो फुकट उतरवून घेऊ देतं. आमच्या गावात मुलं पुरवणीतली चित्रं कापून वर्गाच्या भिंतीवर लावतात, आणि ती वर्षभर तिथेच असतात.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका, जि. सातारा