लपलेला की वाट नसलेला?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी वाचलं, उत्तराला बसायला मात्र पंधरा दिवस लागले. रागावू नकोस. आर्जिनिन आणि ग्लायसिन या दोन अमिनो आम्लांच्या पेप्टाइडचे (छोट्या प्रथिन-साखळीचे) आयन, म्हणजे विद्युतभारित रेणू, तू निर्वात ट्रॅपमध्ये जड पाण्याच्या वाफेत ठेवलेस आणि किती हायड्रोजनांच्या जागी ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) आलं ते मोजलंस. त्यावरचं तुझं एक वाक्य डोक्यातून जाईना: ‘नऊपैकी जेमतेम दोन हायड्रोजन बदलले, म्हणजे बाकीचे सात आत दुमडून बसलेत.’ आकड्यांवर माझा पूर्ण विश्वास आहे, त्या ‘म्हणजे’वर नाही.

द्रावणातली सवय आपल्याला फसवते रे. तिथे पाणी चहूबाजूंनी असतं. अमाइडचा (अमिनो आम्लांना जोडणाऱ्या बंधातला) हायड्रोजन उघडा पडला की आज ना उद्या ड्यूटेरियम त्याची जागा घेतं, म्हणून जो बदलला नाही तो झाकलेला किंवा बंधात अडकलेला, हा तर्क तिथे बऱ्यापैकी चालतो. तुझ्या ट्रॅपमध्ये परिस्थिती काय आहे ते बघ. दाब एका टॉरच्या (टॉर हे दाबाचं एकक) दहा कोटीव्या भागाइतका. एवढ्या निर्वातात तुझ्या आयनाला जड पाण्याचा एखादा रेणू भेटायला सेकंद-दीड सेकंद लागतो. तो येतो, काही क्षण चिकटतो आणि निघून जातो. त्या भेटीत अदलाबदल व्हायची तर प्रोटॉनला आयनाकडून पाहुण्याकडे जायला आणि परत यायला वाट हवी.

वाट सोपी नाही. पाण्याची प्रोटॉन ओढ (प्रोटॉन किती घट्ट धरतं त्याचं माप) सुमारे ६९१ किलोज्यूल प्रति मोल, साध्या ग्लायसिनची ८८६ च्या आसपास. फरक जवळपास १९५. ऑस्लूस आणि लायस या संशोधकांनी १९८१ मध्ये लहान आयनांवरून अंदाज बांधला होता की हा फरक साधारण ८४ च्या वर गेला की अदलाबदल थांबते. त्या हिशोबाने पेप्टाइडांनी जड पाण्याला दाद द्यायलाच नको होती. पण ती देतात! पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला आपलंच गणित चुकलं असं वाटलं होतं.

याचा उलगडा रसायनशास्त्रज्ञ बोशां यांच्या गटाने १९९० च्या दशकात ग्लायसिनच्या लहान साखळ्यांवर केला. पाणी प्रोटॉन स्वतःकडे ठेवून घेतच नाही. अमिनो टोकाकडून प्रोटॉन घेता घेताच ते दुसऱ्या हाताने आपलं ड्यूटेरियम शेजारच्या कार्बोनिल ऑक्सिजनला (कार्बनशी दुहेरी बंधाने जोडलेल्या) देतं. रांगेत उभं राहून घमेली पुढे सरकवणाऱ्या माणसांसारखं, घमेलं कुणाच्याच हातात थांबत नाही. अमोनियाचं तसं नाही. त्याची ओढ ८५४ च्या घरात, म्हणून तो प्रोटॉन चक्क घेतो, पेप्टाइडला चिकटूनच अमोनियम बनतो आणि परत देतो. त्यामुळे एकाच भेटीत दोन-तीन ड्यूटेरियमसुद्धा टाकून जातो.

आता तुझ्या रेणूकडे ये. आर्जिनिन आणि ग्लायसिन. आर्जिनिनची ओढ १०५० च्या आसपास, प्रोटॉन त्याच्या ग्वानिडिन या नायट्रोजनवाल्या गटावर मुठीत धरल्यासारखा. घमेल्यांची ती रांग चालायला शेजारी असा गट हवा, ज्याची ओढ प्रोटॉन धरणाऱ्या गटापेक्षा फार कमी नाही. तुझ्याकडे तो नाही. म्हणून ते सात हायड्रोजन कदाचित अगदी उघड्यावर बसलेत. त्यांच्यापर्यंत ड्यूटेरियम पोचवायला कुणी नाही, इतकंच. दोन अमिनो आम्लांचा पेप्टाइड दुमडून दुमडून किती दुमडणार, हा प्रश्न तुला आधीच पडायला हवा होता, हे मित्र म्हणून ऐकवतो!

ताडून बघायचं असेल तर डायग्लायसिनपासून (दोन ग्लायसिनच्या पेप्टाइडपासून) सुरुवात कर. तिथे बदलण्याजोगे पाच: तीन अमिनो टोकावर, एक अमाइडवर, एक कार्बोक्सिलवर. वस्तुमानाच्या आलेखातलं शिखर १३३ वरून १३८ पर्यंत सरकायला हवं. मग त्याचं मिथाइल एस्टर घे. कार्बोक्सिलचा हायड्रोजन गेला, उरले चार. दोन्हींचे वेग शेजारी ठेवलेस की कुठला हायड्रोजन कुठे बसला होता ते दिसू लागतं. त्यानंतर तोच आर्जिनिनचा नमुना ड्यूटेरियमवाल्या अमोनियासोबत चालव. वाट बदलल्यावर आकडा वाढला, तर ते सात लपलेले नव्हते.

दोन खड्ड्यांत मी स्वतः पडलोय. पहिला, नळीच्या भिंतींवरचं साधं पाणी. जड पाणी आत सोडलं की भिंतीवरच्या पाण्याशी त्याची अदलाबदल होते आणि ट्रॅपमध्ये निम्मं-शिम्मं मिसळलेलं पाणी पोचतं. मग हायड्रोजन परत येत राहतो आणि आलेख मध्येच सपाट होतो. मी त्या सपाटीवर आठवडाभर सुंदर सिद्धांत रचला होता, तो शेवटी नळी तापवून, जड पाण्याने पुन्हा पुन्हा धुतल्यावर वाहून गेला. दुसरा, कार्बन-१३, म्हणजे कार्बनचा जड प्रकार. चार कार्बनच्या डायग्लायसिनमध्येसुद्धा त्याचा वाटा चारेक टक्के, आणि तो ड्यूटेरियमच्या शिखरातच मिसळतो. दोघांच्या वस्तुमानातला फरक फक्त ०.००२९. साध्या ट्रॅपला तो वेगळा दिसत नाही, म्हणून वजाबाकी आधी कर.

तुझ्या आलेखातला सपाट भाग खरा की भिंतींचा, हे समजायला जड पाण्याचा दाब दुप्पट करून त्याच वेळांच्या नोंदी घे. सपाटीच वर सरकली तर मिसळलेल्या पाण्यावर संशय घे. सपाटी तिथेच राहून वेग फक्त वाढला, तर रेणूंचे दोन प्रकार एकत्र असण्याची शक्यता धर, एक बदलणारा आणि एक हट्टी. त्या नोंदी मला कच्च्याच पाठव, नीटनेटक्या करत बसू नकोस.

तुझाच,
जुना भांडखोर