शारदासदन ही केवळ शाळा नव्हती

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

एकोणिसाव्या शतकातील स्त्रीशिक्षणावरील आपल्या पुरवणीतील लेखात पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाचा उल्लेख धर्मांतराच्या वादात सापडलेली एक शाळा, एवढ्यावरच आटोपला आहे. मुलींच्या वसतिगृहात अनेक वर्षे गृहपाल म्हणून काम केलेल्या मला हे फार अपुरे वाटले. शारदासदनात मुली राहत होत्या, आणि त्या वादाचे मूळही त्या राहण्यातच होते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सदन सुरू झाले तेव्हा तेथे अवघ्या दोन विद्यार्थिनी होत्या. मुलींच्या शाळा त्यापूर्वीही निघाल्या होत्या. परंतु जी बालविधवा दिवसभर घरकामाला जुंपलेली असे आणि जिचे समोर येणेही अपशकुन मानले जाई, तिला शिकून संध्याकाळी त्याच घरी परत जा, असे सांगून काय साधणार होते? तिला आधी आसरा हवा होता. गोदूबाई जोशी यांना त्यांच्या भावाने सदनात आणले. पुढे १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. आपली विधवा बहीण ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंच्या हवाली करताना त्या भावाने किती लोकनिंदा पत्करली असेल, याची कल्पना आज करणे कठीण आहे.

खर्चाची जबाबदारी अमेरिकेतील बोस्टन येथे रमाबाईंच्या मदतीसाठी स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षांसाठी उचलली होती. तरीही मुंबईत राहणे महाग पडू लागले, म्हणून १८९० मध्ये सदन पुण्यास हलवावे लागले. विद्यार्थिनींना आपापले आचार पाळण्याची मुभा होती आणि धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरले होते. मात्र रमाबाई त्याच घरात राहत, आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली आपणहून तेथे जाऊन बसू लागल्या. दिवसाच्या शाळेत हा प्रश्न उद्भवलाच नसता, कारण शिक्षिका घरी गेल्यावर कोणाची प्रार्थना करते, हे मुलींना दिसत नाही. वसतिगृहात मात्र सांभाळणाऱ्या बाईचे उठणे, बसणे, जेवणे, सारेच मुली पाहतात आणि उचलतात. म्हणून मुली ख्रिस्ती होतील, ही पालकांची भीती मला निराधार वाटत नाही. पण रमाबाईंनी स्वतःच्या घरात दार लावून घ्यावे, ही अपेक्षाही मला न्याय्य वाटत नाही. ‘केसरी’ने कठोर टीका केली, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. ज्या घरांतून त्या आल्या होत्या तेथेच त्या परतल्या, याचा विचार त्या वादात फारसा झालेला दिसत नाही.

सदन त्यानंतरही चालू राहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगावला त्यांच्या राहण्याची सोय केली. उपासमारीने खंगलेल्या मुलींना अन्नाची पुन्हा सवय लावणे, त्यांच्या आजारपणात रात्री जागणे, हे काम शिकवण्याच्या किती आधीचे असते, हे वसतिगृहात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते. या विषयावर आपण पुन्हा लेख प्रसिद्ध कराल तेव्हा त्यात या संस्थांच्या स्वयंपाकघरांना, आजाऱ्यांच्या खोल्यांना आणि तेथे राबलेल्या स्त्रियांनाही जागा द्यावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त गृहपाल